पर्स घेताना

वाराणसीतील मराठी वस्ती जुनी आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत आली. यात्रेकरूंचे येणेजाणेही सतत चालू असते. बनारसी साडी परवडली नाही, तर निदान त्याच किनखापाची पर्स घ्यावी, असा मोह येथील बाजारात अनेकींना होतो.

समजा, एका स्त्रीने पर्ससाठी कष्टाचे 500 रुपये बाजूला काढले आहेत. ही पर्स तिला रोज कामावर न्यायची आहे. तीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि पगाराचे पैसे राहिले पाहिजेत. जरीची पर्स 480 रुपयांना, तर जाड सुती कापडाची 360 रुपयांना आहे. तिने कोणती घ्यावी?

किनखापाची पारख कापडाच्या उलट बाजूने होते. ‘कढुआ’ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे विणतात. ‘फेकुआ’ विणीत धागे मागून आडवे जातात व नंतर कापले जातात. पर्सला मात्र आतून अस्तर असते. साडी घेताना जी बाजू उलटून पाहता येते, नेमकी तीच येथे झाकलेली! बनारसी किनखाप व साड्यांना 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. शुद्ध रेशमासाठी 2004 पासून ‘सिल्क मार्क’ ही खूण आहे. अशी खूण नसल्यास केवळ दुकानदाराच्या शब्दावर रेशमाचा भाव देऊ नये.

रोजच्या वापरात पर्स बहुधा पट्ट्याच्या जोडापाशी किंवा चेनपाशी निकामी होते. म्हणून पट्टा ओढून पाहावा, तेथे दुहेरी शिवण आहे का ते बघावे, चेन चार-पाच वेळा पूर्ण उघडून लावावी. शक्य असल्यास आपला डबा आत ठेवूनच पाहावा. दुकानदार हसला तरी हरकत नाही.

जरीचे धागे घासून लवकर निघतात. ती पर्स वर्षभर टिकली, तर महिन्याला 40 रुपये पडतात. सुती पर्स दोन वर्षे टिकली, तर 15 रुपयेच पडतात. शिवाय ती घरी धुता येते. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असेल, तर तीत सर्व कर धरलेले असतात. त्याहून अधिक रक्कम मागता येत नाही. पावती अवश्य घ्यावी. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

उरलेल्या 140 रुपयांत किनखापाचा एखादा लहान बटवा मिळू शकेल. तो हळदीकुंकवालाच बाहेर निघेल, त्यामुळे त्याची जरही टिकेल.