थरांच्या फटीतले इलेक्ट्रॉन

कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर, भट्टी किंवा निर्वात यंत्रणेवाचून, द्रावणातून बसवून ते सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे झटपट भार साठवून झटपट देणाऱ्या साधनासाठी, अभ्यासले आहेत. त्यांनी वापरलेल्या ‘सिलार’ पद्धतीत पोलादी पट्टी धन आयनांच्या द्रावणात बुडवून विसळतात, मग ऋण आयनांच्या द्रावणात बुडवून पुन्हा विसळतात. आवर्तने वाढतील तसा थर जाड होतो. इतक्या साध्या कृतीची थोरवी सहसा नजरेआडच राहते.

अशा साधनांसाठी अभ्यासल्या जाणाऱ्या बर्नेसाइट या मँगनीज ऑक्साइडाची अंतर्रचनाही अणूंच्या थरांची असते; त्यात थर ते थर अंतर सुमारे ०.७ नॅनोमीटर असून मधल्या फटीत पाणी आणि सोडियम-पोटॅशियमचे आयन असतात. भार साठताना आयन फटीत शिरतो आणि बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन मँगनीजला +४ वरून +३ वर आणतो. मात्र तो धातूतल्यासारखा मोकळा वाहत नाही, तर भोवतालचे अणू किंचित सरकवून, ती विकृती सोबत घेऊन (या जोडीस पोलारॉन म्हणतात) एका मँगनीजवरून दुसऱ्यावर उड्या घेतो, थराच्या प्रतलात सुकर, थरांच्या आरपार दुष्कर. तांब्याच्या थरयुक्त ऑक्साइडांची तऱ्हाच निराळी: त्यांपैकी एकात १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना अतिसंवाहकता, म्हणजे विनारोध विद्युत्वहन, आढळली.