वादळाने उडालेले छप्पर आणि विम्याची रास्त भरपाई

नागपूर जिल्ह्यात उन्हाळा चढू लागला म्हणजे दुपारनंतर आभाळ एकाएकी भरून येते, धुळीचे लोट उठतात आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह गारा कोसळतात. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भात गारपिटीने मोठी हानी केली. अशा प्रसंगी पिकाच्या नुकसानीची चर्चा पुष्कळ होते. परंतु घरावरील कवेलू फुटले, टिनाचे पत्रे उडाले, तर त्याची भरपाई कोणाकडून व कशी मिळवावी, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. परिणामी, हक्काची रक्कम कमी पदरात पडते किंवा मुळीच पडत नाही.

छप्पर का उडते?

वारा छपरावरून वेगाने वाहू लागला की पत्र्याला वर ओढणारा जोर निर्माण होतो. त्याच वेळी उघड्या दारा-खिडक्यांतून आत शिरलेला वारा पत्र्याला खालून ढकलतो. हे दोन्ही जोर एकत्र आले म्हणजे कडेचे व कोपऱ्याचे पत्रे प्रथम सुटतात आणि मागोमाग बाकीचे. म्हणून कडेच्या पत्र्यांचे हूक दरवर्षी तपासावेत व गंजलेले बदलावेत. असे केल्याने हानी टळतेच, शिवाय छप्पर सुस्थितीत होते हे पुढे दाखविता येते. झीज व गंज यांची भरपाई विमा देत नाही. म्हणून वादळाचे दिवस येण्यापूर्वी छपराची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.

दोन निरनिराळ्या वाटा

शासकीय मदत आणि विम्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी होत. शासकीय मदत तलाठी, म्हणजेच आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनी केलेल्या पंचनाम्यावरून मिळते. केंद्र शासनाने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी घातलेल्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः नष्ट झालेल्या घरास १,२०,००० रुपये, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये व कच्च्या घरास ४,००० रुपये अशी मदत ठरली होती. अंशतः पडझडीसाठी हानी किमान १५ टक्के असणे आवश्यक होते. यावरून पंचनाम्यात मोजमाप येणे किती महत्त्वाचे आहे, हे ध्यानात येईल. ‘छपराचे नुकसान’ एवढेच न लिहिता ‘चाळीसपैकी सव्वीस पत्रे निकामी, सहा वासे मोडले’ असे लिहून घ्यावे व पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.

ही मदत संकटात हातभार लावण्यासाठी असते. तिने छप्पर पुन्हा उभे राहत नाही. पूर्ण खर्च भरून निघावयाचा तर विमा हवा. दिनांक १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप इत्यादींपासून तिचे संरक्षण असते. घरावर कर्ज असल्यास बँकेने विमा उतरविला आहे काय, याची चौकशी करावी. पुष्कळ कर्जदारांना आपल्या घराचा विमा आहे, हेच माहीत नसते.

विमा घेताना

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, तर तेवढेच घर पुन्हा बांधावयास लागणाऱ्या खर्चावर ठरते. जागेची किंमत त्यात धरीत नाहीत. भिंती मातीच्या की विटांच्या, छप्पर कवेलूचे की टिनाचे, हे अर्जात खरेखरे लिहावे. खोटी माहिती पुढे दावा नाकारण्यास कारण होते. गोठा व कोठार आपोआप विम्यात आले असे समजू नये. ते हवे असल्यास पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावे.

वादळानंतर काय करावे?

१. प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करावा. लोंबकळणाऱ्या तारांजवळ जाऊ नये.

२. काहीही हलविण्यापूर्वी आतून, बाहेरून व दुरून छायाचित्रे घ्यावीत.

३. कंपनीस त्वरित कळवावे आणि कळविल्याचा क्रमांक लिहून ठेवावा. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दाव्याचा अर्ज द्यावा लागतो.

४. पावसाने आणखी हानी होऊ नये म्हणून ताडपत्री घालावी. हे करणे विमेदाराचे कर्तव्यच आहे. त्या खर्चाच्या पावत्या जपाव्यात.

५. फुटके कवेलू, वाकलेले पत्रे सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी भंगारात देऊ नयेत.

६. स्थानिक मिस्त्रीकडून साहित्य व मजुरी वेगवेगळी दाखविणारा लेखी अंदाज घ्यावा.

वादळ झाले याचाही पुरावा लागू शकतो. पंचनामा, वर्तमानपत्रातील बातमी आणि महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची वाऱ्याची व पावसाची नोंद या कामी उपयोगी पडतात.

रक्कम कमी का भरते?

समजा, छपराच्या दुरुस्तीस पत्रे ४०,००० रुपये, लाकूड ८,००० रुपये व मजुरी १२,००० रुपये, असा एकूण ६०,००० रुपये खर्च आहे. छप्पर जुने म्हणून सर्वेक्षकाने ४० टक्के, म्हणजे २४,००० रुपये घसारा कापला, तर हाती ३६,००० रुपयेच येतील. परंतु ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीची भरपाई दुरुस्तीच्या वाजवी खर्चावर असते. तेथे अशी कपात योग्य नव्हे.

दुसरी कपात अपुऱ्या विम्याची. घर उभारण्यास ६ लाख लागत असता विमा ३ लाखांचाच असेल, तर जुन्या रीतीप्रमाणे ६०,००० रुपयांच्या हानीस निम्मेच, म्हणजे ३०,००० रुपये मिळत. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत ही कपातही करीत नाहीत. मात्र भरपाई विम्याच्या रकमेपलीकडे जात नाही. इतर पॉलिसींच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून आपली पॉलिसी वाचून घ्यावी. भंगाराच्या किमतीची वजावट मात्र वाजवी असू शकते.

दाद कोठे मागावी?

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्वेक्षकाची नेमणूक, १५ दिवसांत त्याचा अहवाल व अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. रक्कम कमी वाटल्यास अहवालाची प्रत मागावी आणि कोणती कपात कोणत्या कलमाखाली केली, हे लेखी विचारावे. ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर विचार न करता सही करू नये. रक्कम घेणे भागच असेल तर आपला आक्षेप लेखी नोंदवावा.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तेथे तक्रार करावी लागते. तेथे शुल्क नाही व वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. त्याची मुदत दोन वर्षांची असून, दिलेला मोबदला, म्हणजे येथे विम्याचा हप्ता, ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ही माहिती वाचून दाखवावी. ज्यांच्या घराचा विमा आहे त्यांनी पॉलिसीचा क्रमांक घराबाहेरही एखाद्या विश्वासू नातलगाकडे लिहून ठेवावा. कारण छपराबरोबर कागदही भिजतात. वादळ थांबविणे कोणाच्या हाती नाही. परंतु मोजमाप, छायाचित्र आणि पावती ही तीन साधने प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहेत, आणि रास्त भरपाईचा दावा त्यांच्याच आधारावर उभा राहतो.