खोट्या वादळातला खरा धडा

कॉम्प्युटरवर विमान उडविणारी मुले आता आपल्या वस्त्यांतही दिसतात. 'नुसता वेळ घालवितो' म्हणून आई-वडील रागावतात. आम्हीही रागावत होतो. परंतु एका पावसाळी रविवारी शेजारच्या चाळीतले काका मुलाच्या शेजारी येऊन बसले आणि आमचे मत बदलले. काका एके काळी नौदलात विमानांचे मेकॅनिक होते.

पडद्यावर वादळ होते. काचेवर पाऊस, खाली काळा समुद्र. मुलाने विमान ढगात घातले. थोड्याच वेळात ते कलंडले आणि समुद्रात पडले.

"काका, मी तर सरळ चाललो होतो!"

"तुला तसं वाटत होतं, बाळा. तू बाहेर बघत होतास. समोरचे काटे काय सांगत होते ते बघितलंस का?"

हा प्रश्न साधा नाही. ढगात क्षितिज दिसेनासे झाले की माणसाचे शरीरच त्याला फसविते. आपला तोल कानाच्या आतला भाग सांभाळतो. विमान हळूहळू वळत असेल तर त्याला ते कळत नाही. वैमानिकाला वाटते, आपण सरळ आहोत. तिथे धाडस कामाला येत नाही. यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो आणि ती सवय जमिनीवरच लावून घ्यावी लागते.

त्यासाठीच अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरचे खोटे विमान बनविले. त्यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनला हवा देणारे भाते वापरून त्यांनी ते डोलते केले. लोकांना तो जत्रेतला खेळ वाटला. मात्र १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले. ऐन हिवाळ्यात, धुक्यात आणि बर्फात दहाहून अधिक जण मेले. तेव्हा कुठे लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो जण त्यांवर शिकले. आमच्या मुलाचा खेळ त्याच घराण्यातला!

काकांना मग 'विक्रांत' आठवली. ४ डिसेंबर १९७१ रोजी बंगालच्या उपसागरातून 'सी हॉक' विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली, तेव्हा काका जहाजावर होते. "जहाज सगळं मिळून २१३ मीटर, तेही डोलणारं. विमानाचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला पाहिजे. गेली किती आणि आली किती, आम्ही मोजत उभे असायचो."

'विक्रांत' १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली आणि २०१४ साली मुंबईतच दारूखान्यात तोडायला गेली. हे सांगताना काका थोडे थांबले. 'सी हॉक' मात्र गोव्यात, बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात आजही पाहायला मिळते.

मुलाने पुन्हा उड्डाण केले. या वेळी नजर काट्यांवर होती. विमान ढगातून बाहेर आले.

काका उठता उठता म्हणाले, "इथं पडलास तर पुन्हा बसता येतं. समुद्रावर दुसरी पाळी नसते."

पालकांनो, खेळाला वेळेची मर्यादा जरूर घाला. पण रागावण्याआधी एकदा मुलाच्या शेजारी बसून पाहा.