किल्लारी, अप्सरा आणि वेळेचा हिशेब

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. लाटांच्या रूपाने सुटलेली ऊर्जा रूढ सूत्राने काढली तर हिरोशिमाच्या बॉम्बच्या साधारण दुप्पट भरते. हिशेब बरोबर असला तरी त्यातून अणू फुटणं म्हणजे अफाट ऊर्जा, एवढंच डोक्यात बसतं. माझ्या मते खरा मुद्दा वेळेचा आहे. त्या भूकंपाएवढी ऊर्जा दीड किलो युरेनियम-235 फुटलं की मिळते. मोंढ्यातल्या तराजूला एवढ्या वजनाची दखलही घ्यावी लागणार नाही. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली 4 ऑगस्ट 1956 ला ट्रॉम्बेत सुरू झालेली ‘अप्सरा’ ही 1 मेगावॉटची अणुभट्टी पूर्ण क्षमतेने अखंड चालवली असती, तर तिला तेवढ्यासाठी चार वर्षं लागली असती. किल्लारीत काही सेकंद पुरले.

युरेनियमचं एक केंद्रक फुटलं की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात आणि पुढची केंद्रकं फोडतात. हे इतक्या झटपट होतं की न्यूट्रॉन शोषणारी कॅडमियमची दांडी खाली सरकेपर्यंत साखळी हाताबाहेर जाईल. वाचवतात ते रेंगाळणारे न्यूट्रॉन: हजारात जेमतेम सहा-सात, काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने येणारे. भट्टी अशी बेतलेली असते की त्यांच्याशिवाय साखळी किंचित तोकडी पडावी. उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी पंगत अडवून धरावी, तसं.

कुणी म्हणेल, हा निसर्गाचा गुण, इंधनही ब्रिटनचं. मग भाभांचं काय? केंद्रक फुटतं हे 1938-39 मध्ये हान, स्ट्रासमन, माइटनर आणि फ्रिश यांनी उलगडलं, भाभांनी नव्हे. पण ज्ञात तत्त्व आपल्या अभियंत्यांच्या हातून चालतं करणं हे वेगळं काम आहे, आणि ते दुय्यम नाही. फुकुशिमाचा आक्षेप जास्त वजनदार. तिथल्या अणुभट्ट्यांत 2011 मध्ये भूकंप होताच दांड्या आत गेल्या, साखळी थांबली. तरी फुटलेल्या केंद्रकांचे किरणोत्सारी तुकडे तापतच राहतात. बंद झाल्याक्षणी ती उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. त्सुनामीने पंपांची वीज गेली आणि गाभे वितळले. म्हणजे लगाम साखळीला लागतो, तुकड्यांना नाही. अप्सरेत हीच उष्णता फार तर 70 किलोवॉट होती, शेतातल्या पाच अश्वशक्तीच्या अठरा-एकोणीस मोटारींएवढी. गाभा खोल पाण्याच्या टाकीत बुडवलेला होता. तेवढी उष्णता ते पाणी पंपाविनाही पोटात घेई.