कलामंदिर कशाने उभे राहते?

संस्थेच्या महोत्सवी वर्षात "पलसाण्यात आपले एक कलामंदिर व्हावे" अशी इच्छा अनेकांनी बोलून दाखविली आहे. इच्छा स्तुत्य आहे. परंतु कलामंदिर म्हणजे चार भिंती आणि दर्शनी कमान नव्हे. त्याच्या पोटात काय असावे लागते, हे सांगण्याचा येथे अल्पसा प्रयत्न करीत आहे.

आरंभी एक अनुभव. गेल्या स्नेहसंमेलनात माझ्या वर्गातील एका मुलीने एकपात्री प्रवेश सादर केला. आवाज गोड, पण बारीक. तिची आजी धुळ्याहून मुद्दाम आली होती आणि शेवटच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने मला विचारले, "सर, पोरीनं काय म्हटलं हो?" ध्वनिक्षेपक होता, पण पत्र्याच्या छपराखाली त्यामुळे शब्द नव्हे, गोंगाटच मोठा झाला होता.

याचे कारण सोपे आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कठीण भिंतीवर आणि पत्र्यावर आपटून तो परत येतो आणि मागचे अक्षर पुढच्या अक्षरावर चढते. विजापूरच्या गोलघुमटात सज्जातील कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू येते व एकच टाळी अनेकदा घुमते. चमत्कार म्हणून ते पाहावे, पण तेथे नाटक करू नये! अमेरिकेतील सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने १८९५ पासून एका व्याख्यानगृहात गाद्या आणून ठेवून हा घुमारा किती वेळ टिकतो ते मोजले. मऊ वस्तू आणि माणसे ध्वनी शोषून घेतात, हे त्यावरून सिद्ध झाले. भाषणासाठी हा घुमारा सुमारे एका सेकंदात विरावा. पाश्चात्य वाद्यवृंदाला मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ मानवतो.

म्हणूनच एकच सभागृह सर्व कलांना पुरत नाही. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स पाहावे. जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने ही नफा न घेणारी संस्था १९६९ साली सुरू झाली. नरिमन पॉइंट येथे समुद्र हटवून मिळविलेल्या जागेवर तिचे टाटा थिएटर १९८० मध्ये उघडले. सुमारे हजार आसनांचे हे सभागृह ध्वनिक्षेपकाशिवाय गायन-वादन ऐकू यावे अशा बेताने रचले आहे. तेथेच सुमारे तीनशे आसनांचे प्रायोगिक नाट्यगृह आहे. त्यातील आसने हवी तशी मांडता येतात. नृत्यासाठी वेगळे दालन आहे, ग्रंथालयही आहे.

अशा संस्थांना केवळ तिकिटांवर चालणे कठीण. सभासद, देणगीदार आणि स्थायी निधी हे त्यांचे खरे खांब होत. गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाचेच उदाहरण घ्या. संघाची स्थापना १९३५ ची. डॉ. अ. ना. भालेराव नाट्यगृहासाठी झटले. १९५५ मध्ये ते निवर्तले आणि आज त्यांचे नाव धारण करणारे नाट्यगृह १९६४ मध्ये उभे राहिले. पेरणारा गेला, पण शेत ओसाड राहिले नाही.

आता प्रेक्षकांस न दिसणाऱ्या सोयी. विंगेत सामान व नट दोघांना पुरेल इतकी जागा हवी. रंगपटात पाणी, आरसे आणि स्त्री-कलावंतांसाठी स्वच्छ, स्वतंत्र शौचालय हवे. त्याअभावी किती मुली रंगमंचाकडे पाठ फिरवितात, हे शिक्षकांना ठाऊक असते. वृद्ध व अपंगांसाठी उतार हवा. दारे बाहेर उघडणारी हवीत. मुंबईच्या याच केंद्रातील दुसरे मोठे सभागृह १९९७ मध्ये बांधकाम चालू असतानाच आगीत सापडले व १९९९ मध्ये सुरू झाले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातले, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. आगीपुढे कीर्ती चालत नाही.

आपली ऐपत मुंबईची नाही, आणि त्याची गरजही नाही. कारखान्यांत पाळी भरून येणाऱ्या आपल्या माणसांना दोन-तीनशे आसनांचे घर पुरे आहे. माझी विश्वस्तांस विनंती इतकीच : संगमरवर मागाहून लावता येईल, देणगीदारांच्या पाट्याही मागाहून बसतील. आधी छपराखाली ध्वनी शोषणारे अस्तर, रुंद दारे, स्वच्छ रंगपट आणि देखभालीचा निधी यांची तरतूद व्हावी. कमान हजार लोक पाहतील. पण शेवटच्या रांगेतील आजीला नातीचा शब्द ऐकू आला, तरच ते कलामंदिर आपले झाले असे मी समजेन.