रिळावरचा दोरा कां सुटतो?



शिवणाच्या डब्यांतून एक रीळ उचलावें आणि त्याच्यामागून आणखी तीन रिळें गुंत्यांत लोंबकळत बाहेर यावीं, हा अनुभव बहुतेक घरांतून आहे. मग कात्री घेऊन गुंता कापून टाकावयाचा, चार-पांच हात दोरा केरांत जावयाचा, आणि आठ दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. या नित्याच्या त्रासाचें कारण काय आणि तो टाळावा कसा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान खरा. पण ज्या घरांत शिवणयंत्रावर संसाराचा कांहीं भार आहे, त्या घरांत तो लहान वाटत नाहीं. त्याचें उदाहरण ओघानें येईलच.

प्रथम हें पाहूं कीं, दोरा रिळावर टिकून राहतो तो कशाच्या बळावर. त्याला तेथें कोणी चिकटवलेला नसतो आणि बांधलेलाहि नसतो. त्याला धरून ठेवतें तें घर्षण. दांडगा बैल आवरतांना गडी दाव्याचे दोन वेढे खुंटाला देतो आणि मोकळें टोंक हातांत धरून स्वस्थ उभा राहतो. बैल सगळ्या बळानें ओढतो, पण गड्याच्या हाताला फारसा ताण जाणवत नाहीं. लिओनार्ड ऑयलर (१७०७–१७८३) या थोर गणितज्ञानें याचा हिशोब मांडून दाखविला. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका वेढ्यानें हाताचें बळ सुमारें साडेसहा पट होतें, दोन वेढ्यांनीं ४३ पट आणि तीन वेढ्यांनीं २८५ पट. वेढे बेरजेनें वाढतात, पण पकड गुणाकारानें वाढते.

आतां कोणी विचारील, शंभर मीटरच्या रिळावर सुमारें दीड हजार वेढे असतात. मग तें सुटतें कसें? याचें उत्तर गड्याच्या हातांत आहे. त्यानें टोंक पार सोडून दिलें म्हणजे त्याच्या हाताचें बळ शून्य झालें, आणि शून्याला २८५ नें गुणा कीं २८५ कोटींनीं गुणा, गुणाकार शून्यच. रिळाचें मोकळें टोंक म्हणजे हा सुटलेला हात होय. शेवटचा वेढा सैल पडला कीं, त्याच्या आधीच्या वेढ्याला धरणारें कोणी उरत नाहीं. तो सैल पडला कीं त्याच्या आधीचा. वर्गांत एका मुलानें जांभई द्यावी आणि ती बांकामागून बांक पसरत जावी, तसा हा प्रकार आहे. यांतून उपायाचीहि दिशा कळते. रीळ घट्ट आवळून ठेवण्याची मुळींच गरज नाहीं. टोंकाशीं अगदीं थोडा, पण न सुटणारा ताण राहील अशी व्यवस्था केली म्हणजे पुरे. बाकीचें काम वेढे करतात.

सर्वच दोरे सारखे सुटत नाहींत, हेंहि आपण पाहिलें असेल. सुती दोरा भिंगाखालीं धरला तर त्याच्या अंगावर बारीक लव दिसते. कापसाचे आंखूड तंतू पिळून तो केलेला असतो आणि त्या तंतूंचीं टोंकें बाहेर डोकावत असतात. तीं शेजारच्या वेढ्यांत अडकतात आणि दोरा जागच्या जागीं राहतो. कृत्रिम रेशीम, नायलॉन, पॉलिएस्टर यांच्या अखंड तंतूंचा दोरा मात्र कांचेसारखा गुळगुळीत असतो. शिवाय नायलॉनचा एकेरी तंतु ताठ असल्यानें वांकवलेला वेढा सरळ होऊं पाहतो, तो रिळावर बसतो तोच मुळीं नाइलाजानें. नायलॉनचा शोध १९३५ सालचा आणि पॉलिएस्टर तंतूचा १९४१ सालचा. त्यापूर्वींच्या घरांतून मुख्यतः सुती दोरा होता, म्हणून आमच्या आज्या-पणज्यांचे डबे अधिक नीटनेटके असत. त्या अधिक व्यवस्थित होत्या हें तर खरेंच, पण त्यांच्या दोऱ्यानेंहि त्यांना साह्य केलें, एवढें सुनांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

रीळ ही वस्तुहि फार पुरातन नाहीं. नेपोलियननें १८०६ सालीं इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हां स्कॉटलंडांतील पेझ्ली गांवीं विणकरांना लागणारें रेशीम मिळेनासें झालें. त्या गांवच्या क्लार्क घराण्यानें रेशमाच्या जागीं चालेल असा गुळगुळीत सुती दोरा तयार केला आणि १८१२ सालीं त्याचा कारखाना काढला. आरंभीं हा दोरा लडींनीं विकला जाई आणि ती लड उलगडून घेणें हें गिऱ्हाइकाचें काम असे. पुढें तो लांकडी रिळावर गुंडाळून मिळूं लागला. रिळासाठीं अर्धा पेनी जादा द्यावा लागे, आणि रिकामें रीळ परत केलें कीं तो परत मिळे. या लांकडी रिळाच्या कडेला एक बारीक चीर पाडलेली असे. टोंक तींत अडकवलें कीं झालें, गड्यानें दाव्याचें टोंक मुठींत धरलें. १९७० च्या सुमारास लांकडाची जागा प्लास्टिकनें घेतली. चिरेची सोय त्यांतल्या पुष्कळ रिळांवर राहिली, पण ती कोठें आहे हें कोणी पाहत नाहीं. कांहीं नव्या रिळांची एका बाजूची चकती नखानें किंचित् उचलली जाते. खालीं टोंक घालून ती दाबली कीं दोरा पक्का धरला जातो. घरीं जाऊन—म्हणजे आपण घरींच आहांत—डबा उघडून हें एकदां पाहावें. पांच-सहा रिळांत तरी अशी सोय निघेल.

जेथें चीर नाहीं, किंवा बाजारांत मिळणाऱ्या नुसत्या नळीवर दोरा गुंडाळलेला आहे, तेथें अर्धगांठीसारखा सोपा उपाय नाहीं. रीळ डाव्या हातांत धरावें. वीतभर टोंक मोकळें ठेवून दोऱ्याचा एक फांस करावा, तो एकदां असा उलटावा कीं मोकळें टोंक रिळाकडून येणाऱ्या दोऱ्याच्या खालीं दबेल, आणि तो फांस रिळाच्या डोक्यावरून वेढ्यांवर सरकवून टोंक हळूच ओढावें. दोरा स्वतःलाच धरून बसतो. सोडवतांना फांस नखानें सैल केला कीं झालें. फार गुळगुळीत दोऱ्याला असे दोन फांस द्यावे.

आतां जे उपाय करूं नयेत ते सांगतों, कारण तेच अधिक प्रचारांत आहेत. रबराचें वेटोळें घालणें हा त्यांतला पहिला. आपल्याकडच्या उष्ण आणि दमट हवेंत रबर वर्षा-दोन वर्षांत चिकट होतें आणि फिकट रंगाच्या दोऱ्यावर त्याचा डाग बसतो. चिकटपट्टीचा डिंक दोऱ्याला लागतो, तेथून सुईच्या नाकांत जातो आणि टांके चुकूं लागतात. कात्रीनें किंवा सुरीनें प्लास्टिकच्या कडेला स्वतः चीर पाडणें हेंहि बरें नव्हे. त्या चिरेचा कांठ खरबरीत राहतो आणि जातां-येतां दोरा खरवडतो. सर्वांत वाईट संवय म्हणजे सुईच रिळांत खोंचून ठेवणें. सुई दोऱ्याच्या पदरांमधून आरपार जाते, एकाच ठिकाणीं दहा-वीस वेढ्यांचे तंतू तुटतात, आणि त्या जागा पुढें शिवतांना ओळीनें तुटत जातात. पावसाळ्यांत सुई गंजली तर तांबूस डाग पडतात ते निराळेच. सुईला उशी असावी, रीळ तिचें घर नव्हे.

येथवर डब्यांतल्या रिळाविषयीं झालें. यंत्रावरचें रीळ हें याहून मोठें प्रकरण आहे.

रिळावरून दोरा दोन रीतींनीं निघतो. पतंगाच्या आसारीवरून मांजा निघतांना आसारी हातांत फिरते आणि मांजा बाजूनें सरळ सुटतो, ही एक रीत. दुसरींत रीळ स्थिर राहतें आणि दोरा त्याच्या डोक्यावरून वेढा वेढा करून निघतो. दोहोंत भेद काय, तो पाहावयाचा असेल तर बाटलीभोंवतीं कागदाची लांब पट्टी गुंडाळावी आणि बाटली न फिरवतां ती तोंडाकडून ओढावी. प्रत्येक वेढ्यागणिक पट्टीला एक पीळ पडलेला दिसेल. दोऱ्यालाहि तसाच पडतो. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर मीटरमागें सुमारें १३, आणि रीळ संपत येऊन व्यास निम्मा झाला कीं सुमारें २५. सुती दोऱ्याच्या अंगीं मीटरला कित्येक शेंकडे पीळ आधींच असतात, तेव्हां त्याला याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु चपट्या, जरीसारख्या दोऱ्याला हे पीळ सोसत नाहींत; तो वळतो, त्याची मुरड सुईशीं अडकते आणि तो तुटतो. असा दोरा नेहमीं फिरत्या रिळावरूनच घ्यावा.

कोणत्या रिळाला कोणती रीत, हें रिळाकडे पाहूनच कळतें. वेढे एकमेकांना समांतर, थरावर थर असे बसवलेले असले तर रीळ उभ्या खुंटीवर फिरतें ठेवावें. वेढे तिरपे, एकमेकांना छेदून गेलेले असले तर तो दोरा डोक्यावरून निघण्यासाठींच गुंडाळलेला असतो. त्याला आडवी खुंटी चांगली. आडव्या खुंटीवर रिळापुढें टोपी बसवितात, ती रिळाच्या कडेहून किंचित् मोठी असावी. आणि टोंक अडकवण्याची ती चीर दोरा निघण्याच्या उलट बाजूस यावी. नाहीं तर चालू यंत्रांत दोरा तिच्यांतच अडकतो, आणि एका क्षणांत सुई वांकते.

फिरत्या रिळाचा दोष असा कीं, त्याला थांबतां येत नाहीं. मिनिटाला ६०० टांके आणि टांक्याची लांबी अडीच मिलिमीटर धरली, तर वरचा दोरा मिनिटाला सुमारें दोन मीटर लागतो आणि रीळ सुमारें २५ फेरे घेतें. हे फेरे संथ नसतात. प्रत्येक टांक्याला यंत्राचा दांडा दोऱ्याला एक हिसका देतो, म्हणजे रीळ मिनिटांत ६०० वेळां ओढलें जातें. भरलेलें रीळ जड आणि खुंटी गुळगुळीत असली कीं, हिसक्यानंतर तें आपल्या जडत्वानें पुढें फिरत राहतें. दोरा गरजेपेक्षां अधिक सुटतो आणि तो सैल वेढा घसरून रिळाच्या बुडाशीं, खुंटीभोंवतीं पडतो. पुढच्या हिसक्याला तो खुंटीला आवळतो. मघाचें ऑयलरचें गणित येथें आपल्या विरुद्ध काम करतें. खुंटीभोंवतीं दोन वेढे पडले कीं दोरा जणूं खिळ्याला बांधला गेला. मग एक तर तो तुटतो, नाहीं तर कापड चुण्या घेतें.

आमच्या शेजारीं एक बाई राहतात. ब्लाउज शिवून दोन मुलांचें शिक्षण त्या चालवितात. गेल्या लग्नसराईंत त्यांनीं बारा ब्लाउजांचें काम घेतलें होतें, आणि चमकदार कृत्रिम रेशमाचा दोरा वापरावा अशी गिऱ्हाइकाची अट होती. दोरा हातभर शिलाईहि पुरी होऊं देईना. कारागिरानें यंत्र पाहून ताणाच्या चकत्या, स्प्रिंग आणि आणखी दोन भाग बदलण्याचा खर्च सांगितला. तो त्या कामाच्या मजुरीहून अधिक होता. “गुरुजी, यंत्र म्हातारें झालें, आतां मोडींत देतें,” असें त्या म्हणाल्या. मी म्हटलें, “ताई, मोडींत देण्यापूर्वीं एकदां माझ्यासमोर चालवा.” मीं सुईकडे न पाहतां रिळाकडे पाहत राहिलों. दोन मिनिटांत दोऱ्याचा वेढा घसरून खुंटीच्या बुडाशीं पडला, आवळला आणि दोरा तुटला. जाड बनातीची रुपयाएवढी चकती कापली, मध्यें भोंक पाडून ती रिळाखालीं खुंटींत घातली. बनातीच्या घर्षणानें रीळ हिसक्यानंतर जागच्या जागीं थांबूं लागलें. त्या रात्रीं चार ब्लाउज झाले, आणि यंत्र अजून त्यांच्याकडेच आहे. कारागीर अप्रामाणिक होता असें मला म्हणावयाचें नाहीं; त्याला यंत्र पाहण्याची संवय, रीळ हें यंत्रांत मोडत नाहीं अशी त्याची समजूत.

बनात नसली तर नमद्याचा तुकडा चालेल, जुन्या घोंगडीचाहि चालेल. चकती फार जाड मात्र नसावी. रीळच फिरेनासें झालें तर ताण वाढून टांका घट्ट येतो.

मोठ्या शंकूवरच्या दोऱ्याची व्यवस्था निराळी. तो खुंटीवर चढवूंच नये. यंत्राच्या मागें एका पेल्यांत शंकु उभा ठेवावा आणि त्याच्या बरोबर मध्यावर, शंकूच्या उंचीच्या निदान दुप्पट उंचीवर, एखादा गुळगुळीत आंकडा असावा. त्यांतून दोरा यंत्राकडे आणावा. आंकडा एका बाजूस झुकला तर दोरा शंकूच्या कडेवर घासतो, आणि फार खालीं आला तर वेढे एकदम दोन-दोन सुटतात. इतकें करूनहि गुळगुळीत दोरा शंकूच्या तळाशीं ओघळून साचत असेल, तर त्याला जाळी घालावी. कारखान्यांतून नायलॉनची तयार जाळी वापरतात. घरीं जुन्या पातळ पायमोज्याचा नळीसारखा तुकडा कापून शंकूवर खालून वर चढवावा आणि दोरा वरच्या तोंडांतून काढावा. लहान रिळालाहि ही युक्ति लागू आहे.

राहतां राहिली यंत्राच्या पोटांतली बॉबीन. ती हातानें सैल भरूं नये. यंत्रावरच, दोरा ताणाच्या चकतींतून नेऊन, एकसारख्या थरांनीं भरावी, आणि कडेपर्यंत गच्च न भरतां थोडी जागा ठेवावी. भरलेल्या बॉबिना डब्यांत सुट्या टाकल्या कीं त्यांचीं टोंकें एकमेकींत गुंतणारच. बाजारांत मिळणाऱ्या पारदर्शक रबरी नळीचे बोटभर तुकडे उभे चिरून बॉबिनेच्या अंगावर बसवावे. त्यांची पकड सौम्य असते आणि आंतील दोऱ्याचा रंगहि दिसतो.