सहा फुटांचा इलाखा

मासाओका शिकी यांच्या लिहिण्याच्या मेजाला एका कडेने खाच कापलेली होती. क्षयाने पाठीच्या कण्यात ठाण मांडल्यावर डावा पाय सरळ होईनासा झाला, तेव्हा तो दुमडलेला गुडघा कोठेतरी सामावून घेणे प्राप्त होते. देह मेजाजोगा होत नाही, सबब मेजच देहाजोगे करण्यात आले. जपानी हायकूला आधुनिक रूप देणाऱ्या या कवीच्या उत्तरकालीन लेखनाची सारी रीत मला त्या खाचेत दिसते.

१८६७ साली मात्सुयामा येथे सामुराई घराण्यात जन्मलेल्या या माणसाने १८८९ मध्ये खोकल्यातून रक्त पडताच ‘शिकी’ हे नाव धारण केले. कंठातून रक्त येईतो गातो अशी ज्याची आख्यायिका आहे, त्या कोकिळकुळातील पक्ष्याचे ते नाव. १८९५ साली वार्ताहर म्हणून चीनमधील युद्धभूमीवर गेले असता परतीच्या जहाजात रक्तस्राव बळावला, आणि पुढे तोक्योच्या नेगिशी भागातले लहानसे घर, त्यातली एक खोली व अखेरीस एक अंथरूण एवढाच त्यांचा इलाखा उरला. त्या खोलीच्या सरकत्या दारांना कागदाऐवजी काचा बसविल्या गेल्या, तेव्हा पडल्या पडल्या अंगण दिसू लागले. समोर जे आहे ते पाहून रेखाटावे, हे चित्रकारांकडून घेतलेले ‘शासेइ’चे तत्त्व त्यांनी पूर्वीच मांडले होते, आता त्याची कसोटी त्या काचेआड लागली.

१९०२ च्या ५ मेपासून ‘निप्पोन’ या वृत्तपत्रात त्यांचे ‘ब्योशो रोकुशाकु’, म्हणजे ‘सहा फुटांची रोगशय्या’, हे सदर क्रमशः येऊ लागले. त्यात फळांच्या चवी आहेत, चित्रांची चिकित्सा आहे, शुश्रूषा कशी असावी याचा ऊहापोह आहे. आणि वेदना असह्य झाल्याची कैफियतही आहे, कसलाही मुलामा न देता. रुग्णाला विश्रांती मिळावी या सद्भावाने संपादकांनी एकदा मजकूर छापला नाही, तेव्हा आपले जीवितच या सदरात आहे, असे शिकींनी त्यांना विनवून कळविले. दयेपोटी लेखणी काढून घेणे ही केवढी क्रूरता आहे, हे त्या एका पत्रावरून ध्यानी यावे.

परंतु हे लेखन ज्यांच्या श्रमांवर उभे राहिले, त्या आई याए आणि बहीण रित्सु यांचा हिशेब साहित्याच्या दप्तरात फारसा मांडला जात नाही. व्रणांवरील पट्ट्या रोज बदलणाऱ्या रित्सुंविषयी शिकींनी आपल्या खासगी टिपणांत कठोर शब्द लिहिले, आणि तिच्यावाचून आपला एक दिवसही निभणार नाही, हेही तिथेच कबूल केले. भावाच्या मृत्यूनंतर त्या शिकून शिक्षिका झाल्या, हे वाचून मला फार बरे वाटले.

सदराचा शेवटचा मजकूर १७ सप्टेंबरला छापून आला. दुसऱ्या दिवशी, इतरांनी धरलेल्या फळीवर, निजल्या निजल्या त्यांनी तीन हायकू लिहिले. विषय होता अंगणातले घोसाळे, ज्याच्या वेलीचे पाणी कफावर औषध म्हणून घेत. १९ च्या पहाटेपूर्वी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. जपानात ती तिथी आजही घोसाळ्याच्या नावाने पाळली जाते.